लेसोथोची चूक नेमकी कोणती?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, कपडे शिवून निर्यात करणारा लेसोथो हा छोटा देश पंचवीस वर्षं अमेरिका या एकाच गिऱ्हाइकावर विसंबून राहिला हा त्याचाच दोष, आणि अमेरिकेने त्याच्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवरून १५ वर आणल्यावर एवढं गळा काढण्यासारखं काही उरलं नाही. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. दुसरा मला अजिबात पटत नाही.

ते ५० टक्के आले कुठून ते आधी बघा. २०२४ मध्ये लेसोथोने अमेरिकेला साधारण २३.७ कोटी डॉलरचा माल विकला, तिथून घेतला जेमतेम २८ लाखांचा. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने हे शुल्क जाहीर केलं. तिने या तुटीला आपल्या आयातीच्या आकड्याने भागलं, ९९ टक्के आले, ते निम्मे केले. झालं! लेसोथो अमेरिकी मालावर किती शुल्क घेतो, हे या गणितात कुठेच नव्हतं. ते त्याच्या एकट्याच्या हातातही नाही, कारण दक्षिण आफ्रिकेसह पाच देशांचं आयातशुल्क सामायिक आहे. मग असा देश वाटाघाटीत देणार तरी काय?

आता १५ टक्क्यांकडे येतो. जीन्सची ऑर्डर मिळाली की कापड मागवायचं, लेसोथोची राजधानी मासेरूत शिवायचं, ट्रकने दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदराला न्यायचं, तिथून जहाजाने पाठवायचं. यात महिने जातात. माल उतरेल त्या दिवशी शुल्क १० असेल, १५ की ५०, हेच ठाऊक नसेल तर खरेदीदार हात आखडता घेणारच. आठवडाभरात ५० टक्के स्थगित होऊन १० लागले, ऑगस्टमध्ये १५ झाले. तोवर ऑर्डरी आटल्या होत्या. शिलाई कामगारांत बहुसंख्य बायका, त्यांतल्या कित्येकींचं काम गेलं. जुलैत सरकारने बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. अमेरिकी मदतीतली कपातही त्याला कारणीभूत होती, हे मान्य.

राहिला विसंबून राहण्याचा मुद्दा. हे कारखाने वाढले ते अमेरिकेच्याच २००० सालच्या कायद्यामुळे. आफ्रिकी मालाला शुल्कमाफी, आणि लेसोथोसारख्या गरीब देशांनी कापड कुठूनही आणलं तरी चालेल, अशी मुभा. ती सवलत अमेरिकी संसद मुदतीमुदतीने वाढवत राहिली. लेसोथोने दक्षिण आफ्रिकेचं गिऱ्हाईक धरलंच नाही, असंही नाही. तिथल्या दुकानांसाठी शिवणारे कारखाने लेसोथोत आहेत. ते आणखी वाढायला हवे होते, हे तुमचं बरोबर. पण अमेरिकेसाठी जीन्स शिवणारा कारखाना दुसऱ्या बाजाराकडे वळवायला जो वेळ लागतो, तो त्याला २ एप्रिलनंतर कोणी दिला?