एनपीएसमधल्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या) ‘स्विच’बद्दल खुलासा

दादर-परळकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘सेन्सेक्स घसरला की एनपीएसमधले पैसे शेअरमधून सरकारी रोख्यांत टाका, चढला की परत आणा. कितीही वेळा चालतं, त्या क्षणाचा भाव मिळतो.’

हे चुकीचं आहे. पीएफआरडीएच्या (पेन्शन क्षेत्राची सरकारी नियामक संस्था) नियमांनुसार शेअर आणि रोख्यांमधली ही विभागणी आर्थिक वर्षात ४ वेळाच बदलता येते. एनएव्ही (योजनेच्या एका युनिटचा भाव) दिवसाअखेर एकदाच ठरते, त्यामुळे दुपारी पडद्यावर दिसलेला भाव तुम्हाला मिळत नाही. आणि २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला होता, डिसेंबरअखेर तो ४७,००० च्या पुढे होता. त्या दिवशी घाबरून बाहेर पडून बाहेरच थांबलेल्यांची ही सगळी वाढ हुकली. निवृत्ती जवळ आल्यावर शेअरचा वाटा हळूहळू कमी करणं वेगळं, ते जरूर करा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासाही पाठवा.