नऊपिनी साडेसाती

ऑफिसातला प्रिंटर एकदा अडकला होता. मी मागची झडप उघडली, चुरगळलेला कागद ओढून काढला आणि प्रिंटर सुरू झाला. एवढ्याशा भांडवलावर ‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ अशी माझी ख्याती झाली, आणि त्या ख्यातीचं व्याज मी आजतागायत फेडतो आहे.

आमच्याकडे तीन अवजड ट्रक आहेत. मी त्यांचे कागद सांभाळतो. डिझेलचा हिशेब, टायरच्या नोंदी, विम्याच्या तारखा. ट्रकच्या पोटात काय चालतं याच्याशी माझा संबंध शेजारच्या घरातल्या भांडणाइतकाच. आवाज येतो, पण आपण मध्ये पडायचं नसतं. एके दिवशी मधल्या ट्रकचा ड्रायव्हर आला आणि म्हणाला, “साहेब, लाइट लागलाय. पिवळा.”

असा लाइट लागला की आम्ही बाहेरून माणूस बोलवायचो. तो बॅग उघडायचा, डॅशबोर्डखाली केबल खुपसायचा, ती एका डबड्यातून लॅपटॉपला जोडायचा, लॅपटॉपकडे पाहून “सेन्सर” एवढं एकच पद उच्चारायचा आणि निघून जायचा. काम दोन मिनिटांचं, पण तो यायचा दोन दिवसांनी. यावेळी मालकांचा संयम संपला. “ते डबडं आपणच घेऊन टाकू. एक डबडं नि एक केबल. तू बघ कुठलं घ्यायचं ते. त्यात काय एवढं?”

मलाही वाटलं, त्यात काय एवढं.

माझ्या स्वतःच्या कारसाठी अंगठ्याएवढा एक ब्लूटूथवाला अडॅप्टर होता. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात तो बसवला की फोनवर इंजिनाचं तापमान वगैरे दिसतं. ट्रक म्हणजे मोठी कार, असा माझा सरळ हिशेब. आमच्या सर्वांत नव्या ट्रकलाही तसंच १६ पिनांचं सॉकेट आहे असं ऐकलं होतं, म्हणून सरावासाठी आधी तिकडे गेलो. हात खाली घालून चाचपडत लावला. जाईना. उलटा केला. जाईना. तळहाताच्या गादीने दाबला, तरी जाईना. ड्रायव्हर बाजूला उभा राहून हे सगळं शांतपणे पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “साहेब, लाथ घालू का?”

नंतर वाचलं तेव्हा कळलं की लाथेनेही भागलं नसतं. ही सॉकेटं दोन जातींची असतात. १२ व्होल्टच्या गाडीत दोन ओळींच्या मधली खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असते, २४ व्होल्टच्या गाडीत ती मध्येच तुटलेली असते. तुटक खाचेसाठी केलेला प्लग सलग खाचेत जातो, पण कारचा प्लग ट्रकमध्ये जात नाही. म्हणजे कारमधलं नाजूक डबडं कुणीतरी आणून २४ व्होल्टवर ठेवेल, हे सॉकेट आखणाऱ्याला आधीच माहीत होतं. माझा चेहरा न पाहता त्याने माझा इतका अचूक अंदाज बांधला, याचं मला आजही कौतुक वाटतं आणि थोडा अपमानही.

मग मी खुर्चीत बसून अभ्यास केला. ‘युनिव्हर्सल’ असा शब्द लिहिलेला एक संच सापडला. हा शब्द वाचला की माझी विचारशक्ती आपोआप बंद पडते. संच आला तो चक्क सुटकेसमधून. आत काळ्या फोममध्ये कोरलेल्या कप्प्यांत आठ केबली पहुडलेल्या. एक ८ पिनांची, एक १२ ची, एक १४ ची. एक ३० पिनांची गोल. आणि एक ३७ पिनांची, ती तर हातात धरल्यावर वाटलं की हिने एखादं धरणही चालू-बंद करता येईल. प्रत्येक केबल कुठल्या ना कुठल्या युरोपियन बनावटीच्या ट्रकची खास लाडकी. ‘युनिव्हर्सल’चा अर्थ तेव्हा उमगला: विश्वातल्या सगळ्यांसाठी यात काहीतरी आहे, फक्त तुम्ही सोडून. त्यातल्या त्यात ९ पिनांची एक गोल, काळी केबल ओळखीची वाटली, कारण तिचं नाव वाचनात आलं होतं. जे-१९३९.

आता हे जे-१९३९ काय आहे ते सांगणं भाग आहे, कारण मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. ट्रकमध्ये इंजिनाचा मेंदू वेगळा, ब्रेकचा वेगळा, गिअरबॉक्सचा वेगळा. या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं ते दोनच तारांवर, एकमेकींना पीळ घातलेल्या. ही ‘कॅन’ नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. त्या तारांवर अवजड वाहनांनी काय बोलायचं, कुठल्या शब्दाचा काय अर्थ, याचं व्याकरण म्हणजे जे-१९३९. म्हणजे बाहेरच्या माणसाने येऊन त्या ९ पिनांच्या खिडकीला कान लावायचा, एवढंच. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघराबाहेर उभं राहावं तसं.

काळी केबल घेऊन मी मधल्या ट्रकपाशी गेलो. जाण्यापूर्वी पिनांचा नकाशा पाठ केला होता. पिनांना नंबर नसतात, इंग्रजी अक्षरं असतात. ए म्हणजे अर्थिंग, बी म्हणजे बॅटरी, सी आणि डी या बोलक्या तारा. शेवटची पिन जे. ए पासून जे पर्यंत बोटांवर मोजली तर अक्षरं भरतात १०. केबलला भोकं ९. एक भोक कमी! संच सदोष आला, या आनंदात (दोष आपला नाही याचा आनंद वेगळाच असतो) मी हेल्पलाइनला फोन लावला.

“सर, आय नसते,” पलीकडचा मुलगा म्हणाला.

“कुणाची?”

“आय ही पिन नसते, सर. एच नंतर डायरेक्ट जे. आय आणि एकचा आकडा सारखे दिसतात ना, म्हणून बहुधा. बरं, तुमचा अडॅप्टर कुठला?”

“काळा.”

“सर, सगळे काळेच असतात.”

त्याने मला इग्निशन ऑन आहे का, असं विचारलं. नव्हती. ती ऑन करा आणि ऑनच ठेवा, असं त्याने बजावलं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

तर इग्निशन ऑन करून, गुडघे पायरीवर आणि डोकं पेडलांत अशा अवस्थेत मी ती काळी केबल ट्रकच्या सॉकेटला भिडवली. गोल कनेक्टरला आत एक खाच असते, ती जुळेपर्यंत फिरवत राहायचं, मग तो खाली बसतो आणि बाहेरचं कडं पिळलं की घट्ट होतो, असं वाचलं होतं. मी फिरवत राहिलो. खाच जुळली. कनेक्टर अर्धा आत गेला आणि तिथेच अडला. काढला, फुंकर मारली, पुन्हा घातला. पुन्हा तिथेच. एवढ्यात माझ्या कोपराने हॉर्न वाजला, आणि समोरून जाणारा क्लीनर दचकून दोन पावलं बाजूला उडाला.

शेवटी वस्ताद आले. वस्ताद म्हणजे आमच्याकडचे जुने मिस्त्री. त्यांना लॅपटॉपचं वावडं आहे, पण अडलेल्या माणसाचा वास त्यांना दुरून येतो.

“काय चाललंय साहेब?”

“केबल जात नाहीये.”

“सॉकेट पाहिलंत?”

“हात लावून पाहिलं ना.”

ते काही बोलले नाहीत. खिशातून छोटा टॉर्च काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “उताणे व्हा.”

मी ट्रकच्या केबिनमध्ये उताणा झालो. पाठीखाली मॅट, मानेखाली क्लच, नाकासमोर तीन वर्षांची धूळ. टॉर्च वर मारला. सॉकेट हिरवं होतं.

खुर्चीत बसून मी जे तीन आठवडे घालवले ते या एका रंगावर वाया गेले होते. काळं सॉकेट जुन्या चालीचं, त्यात सेकंदाला अडीच लाख बिट जातात. हिरवं नव्या चालीचं, पाच लाख. काळ्या केबलमागे बहुधा संथ चालीचा जुना अडॅप्टर असणार, तो पाच लाखांच्या गप्पांत घुसला तर स्वतःला तर काही कळणार नाहीच, वर बाकीच्यांचंही बोलणं मोडेल. म्हणून एफ पिनेच्या जागी एवढासा फरक करून ठेवलाय की काळी केबल हिरव्यात जाऊच नये. हिरवी केबल मात्र काळ्यातही जाते आणि हिरव्यातही. म्हणजे मी पहिल्याच दिवशी हिरवी मागवली असती तर... असो. पुन्हा एकदा माझ्यासारख्याचा विचार करून दरवाजा आधीच लावून ठेवलेला होता. या क्षेत्रातली हुशार माणसं आपलं निम्मं आयुष्य मला थोपवण्यात घालवतात असं दिसतं.

हिरवी केबल आली. सोबत यावेळी खास अवजड वाहनांचा अडॅप्टर मागवला, १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर चालणारा. वस्तादांनी तेवढ्यात जुन्या ट्रकखाली टॉर्च मारून घेतला होता. तिथे ६ पिनांचं सॉकेट निघालं. ती जे-१९३९ च्या आधीच्या जे-१७०८ ची पिढी, सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या मानाने ते बोलणं म्हणजे पेन्शनरांची सकाळची चक्कर. त्यासाठी एकीकडे ६ आणि दुसरीकडे ९ पिना असलेली दुतोंडी केबल घेतली.

हिरवी केबल खट्‌कन बसली. तो आवाज मी विसरणार नाही. अडॅप्टरवरचा दिवा लागला. मी लॅपटॉप उघडला आणि लॅपटॉप म्हणाला, अडॅप्टर सापडला नाही.

दिवा माझ्या डोळ्यांसमोर लागलेला. दोन्हींमध्ये हातभर यूएसबी केबल. पण दोघं एकाच खोलीत राहून न बोलणाऱ्या सासू-सुनेसारखे. कुणाचंही डबडं कुणाच्याही सॉफ्टवेअरशी बोलावं म्हणून अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या संघटनेने आरपी-१२१० नावाचा शिरस्ता घालून दिलेला आहे, आणि तो चांगलाच आहे. फक्त सॉफ्टवेअरमध्ये जाऊन ‘हे डबडं माझं’ असं एकदा यादीतून सांगावं लागतं. यादीत एकाच नावाच्या चार ओळी होत्या. दोन यूएसबीच्या, एक ब्लूटूथची, एक कशाची ते देव जाणे. मी शिस्तीत वरून खाली आलो. चौथी लागू पडली. लॅपटॉप आता म्हणाला: अडॅप्टर सापडला, वाहन सापडलं नाही.

मी त्या वाहनात बसलो होतो.

“केबलमध्येच खोट आहे,” मी म्हणालो. केबल बदलण्याची आता मला सवय जडली होती.

वस्तादांनी मेन स्विच पाडला. मग मल्टिमीटर काढला, ज्याच्या काचेला चिकटपट्टी होती, आणि सॉकेटातल्या सी आणि डी या दोन पिनांना त्याची टोकं टेकवली. “वाचा.”

“साठ.”

“तार धड आहे. कॅनच्या दोन टोकांना एकशे वीस-एकशे वीस ओहमचे रेझिस्टर असतात. दोन्ही शाबूत असले की साठ दिसतं. एकशे वीस दिसलं तर एक टोक तुटलं समजा. आता केबलची ही बाजू दाखवा.” त्यांनी माझी हिरवी केबल घेतली, अडॅप्टरकडचं टोक पाहिलं. ते चपटं टोक ज्या दोन स्क्रूंनी आवळायचं असतं ते दोन्ही स्क्रू हवेत लोंबत होते. माझ्या मते ते शोभेचे होते.

ज्या माणसाला लॅपटॉप उघडता येत नाही त्याने शून्य सॉफ्टवेअरमध्ये निदान केलं, यावर मी नंतर बोलेन असं ठरवलं, आणि नंतर बोललोच नाही.

स्क्रू आवळले. वस्तादांनी मेन स्विच चढवला, मी हेल्पलाइनच्या आज्ञेप्रमाणे इग्निशन ऑन केली आणि ऑन ठेवली. मालकांना बोलावणं धाडलं. ते यायला वेळ होता, तोवर मी सॉफ्टवेअरमधला प्रत्येक मेन्यू उघडून पाहिला. केबिनमधला दिवा चालू, पंखा चालू. लॅपटॉपही ट्रकच्याच सॉकेटवर चार्ज करत होतो. दुपार कधी कलली कळलं नाही.

मालक आले, ड्रायव्हर आला, क्लीनर हॉर्नपासून अंतर राखून उभा राहिला. मी ‘फॉल्ट कोड वाचा’ हे बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. जे-१९३९ मध्ये प्रत्येक कोडाचे दोन आकडे असतात. पहिला सांगतो कुठे दुखतंय, दुसरा सांगतो कसं दुखतंय.

पहिली ओळ: १०० आणि ४. ऑइल प्रेशरच्या सेन्सरचा व्होल्टेज कमी. पण तिच्यापुढे शब्द होता ‘निष्क्रिय’. म्हणजे होतं, आता नाही.

“हां, तो लाइट गेला साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. “गेल्या आठवड्यातच. गाडी धुताना इंजिनाजवळ एक कनेक्टर सैल दिसला, दाबून बसवला. तेव्हापासून नाही.”

“मग मला सांगायचं नाही?”

“तुम्ही सारखे खाली होतात साहेब. लाइट वर असतो.”

मालकांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि हे?”

दुसरी ओळ सक्रिय होती. १६८ आणि १८. मी यादीत शोधलं. १६८ म्हणजे बॅटरी. १८ म्हणजे मूल्य खरं आहे, पण हवं त्यापेक्षा खाली. ट्रकमध्ये तेवढ्या घडीला एकच बिघाड होता आणि तो मी सकाळपासून स्वतःच्या हाताने घडवत आणला होता.

ड्रायव्हरने काही न बोलता चावी फिरवली. खालून टक्‌ असा एक आवाज आला. पुन्हा फिरवली. टक्‌. केबिनमधला दिवा मंद होत होत पिवळा झाला.

“साहेब,” ड्रायव्हर म्हणाला, “केबल लागेल.”

“कुठली?”

“जंपर.”

मी टॉर्च घेतला आणि बॅटरीचं झाकण कुठे असतं ते विचारायला वस्तादांच्या मागे गेलो.