व्हेप सुटत नाही, कारण तो संपतच नाही

सिगरेट संपते. थोटूक चपलेखाली जातं आणि माणूस पोह्यांच्या प्लेटकडे वळतो. व्हेपला, म्हणजे ई-सिगरेटला, थोटूकच नाही. इंदूरमध्ये तो भंवरकुआंच्या होस्टेलात उशीखाली असतो, ‘छप्पन दुकान’च्या खाऊगल्लीच्या गर्दीत मुठीत. दोन दम, पाच दम, मोजतंय कोण? ‘मी काही व्यसनी नाही’ असं पोरं सांगतात तेव्हा खोटं बोलत नसतात, त्यांनी हिशेबच ठेवलेला नसतो. घरी आईला वास आला तरी तिला तो च्युइंगगमचा वाटतो.

तर आधी हिशेब. पाकिटावरचे ‘५ टक्के’ किरकोळ वाटतात. पण ५ टक्के म्हणजे दर मिलीलिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटिन. १० मिलीच्या डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायच्या व्हेपमध्ये ५०० मिलिग्रॅम झालं. एका सिगरेटमधून अंगात जातं ते साधारण १ ते दीड मिलिग्रॅम. व्हेपमधलं सगळंच अंगात जात नाही हे खरं, तरी फरक बघा. एवढं कडक निकोटिन घशाला लागत कसं नाही? त्यात आम्ल मिसळून ‘निकोटिन सॉल्ट’ केलेलं असतं, म्हणून ठसका लागत नाही. ठसका हा खरं तर शरीराचा ब्रेक होता, तोच काढून टाकलाय. शिवाय २०१९च्या कायद्याने ई-सिगरेटची आयात, विक्री, जाहिरात सगळं बंद आहे. म्हणजे हातात येतो तो चोरटा माल, आणि त्याच्या लेबलवर विश्वास ठेवायचा तो कुणाच्या भरवशावर?

सोडताना बहुतेक जण ‘इच्छाशक्ती’वर जातात आणि तिसऱ्या दिवशी आपटतात. तलफेचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो: चिडचिड, झोप उडणं, पुस्तकात लक्ष न लागणं. म्हणून टेस्टच्या आठवड्यात तारीख धरू नका. एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते, पण एकंदर त्रास दोन ते चार आठवडे राहतो.

निकोटिन गम मदत करतो, पण आपल्याकडे तो हमखास चुकीचा खाल्ला जातो. साध्या च्युइंगगमसारखा कचाकचा चावला, की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. उचकी लागते, जळजळ होते, आणि पोरं म्हणतात ‘भिया, बेकार चीज आहे’. सावकाश चावायचा, तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. एक गम अर्धा तास. दुसरी चूक चहाची. चहा, कॉफी, लिंबू-सोडा यांच्या आम्लामुळे गममधलं निकोटिन तोंडात नीट शोषलंच जात नाही. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत यातलं काही नको. इंदूरच्या सकाळी हे जड जातं, कबूल.

सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक गम, तलफेची वाट न बघता. डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत व्हेप लागत असेल, तर २ मिलिग्रॅमचा गम बहुधा कमी पडेल. ४ मिलिग्रॅमचा गम किंवा कातडीवर चिकटवायचा निकोटिन पॅच डॉक्टरांना विचारून घ्या. वय अठराच्या आत असेल, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल, तर गमही विचारूनच. तंबाखू-निकोटिन सोडायला फोनवर मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे.

आणि ‘इमर्जन्सी’ म्हणून एखादा व्हेप कपाटात ठेवू नका. रागाच्या भरात ठेचूही नका, आतली लिथियम बॅटरी पेट घेते. सकाळी कचरा गाडी आली की ओल्या-सुक्यात न मिसळता ई-कचऱ्याच्या खान्यात टाका.