दौऱ्यावर आलेल्या नाटकाचा पाहुणचार

चांगली व्यावसायिक नाटके कोकणात येत नाहीत, आली तर वर्षातून चार येतात आणि त्या चारांतलेही एखादे आयत्या वेळी रद्द होते, ही तक्रार आपण सगळेच मोठ्या हौसेने करतो. गेल्या शनिवारी आमच्या शहरात एका नावाजलेल्या नाट्यसंस्थेचा प्रयोग झाला. आम्ही चौघे मित्र पदरमोड करून असे प्रयोग ठरवतो आणि तिकिटांचा प्लॅन घेऊन टेबलावर बसण्याचे काम माझ्याकडे असते. त्या एका रात्रीत मला जे ज्ञान झाले ते स्वतःपाशीच ठेवणे बरे नव्हे, म्हणून रसिकांसाठी या सूचना लिहीत आहे. त्या मनापासून पाळल्या तर ती चार नाटकेही यायची थांबतील आणि शनिवारची रात्र दूरचित्रवाणीवरील मालिकांसाठी कायमची मोकळी होईल.

पहिली गोष्ट म्हणजे तिकीट विकत घेऊ नये. प्रतिष्ठित माणसाने पास मागावा, आणि तोही प्रयोगाच्या दिवशी, संध्याकाळी सातनंतर, फोनवर आणि ‘किती पास ठेवलेत आमचे?’ अशा शब्दांत मागावा. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटावर जीएसटी लागत नाही, म्हणून आमच्याकडे पहिल्या रांगांचा दर तिथेच येऊन थांबतो आणि मागच्या रांगा तीनशे-दोनशेला जातात. त्याच पैशांतून नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, बसचे डिझेल, वीसेक माणसांचे राहणे-जेवण आणि सर्वांच्या नाइट भागवायच्या असतात. या नाइटविषयी पास मागणाऱ्याला काही ठाऊक असण्याचे कारण नाही. किर्लोस्कर मंडळी किंवा गंधर्व मंडळींच्या काळात नट कंपनीच्या बिऱ्हाडात राहत आणि कंपनीच्या पंगतीला जेवत. आजच्या व्यावसायिक नटाला प्रयोग झाला तर त्या प्रयोगाचे मानधन मिळते, आणि तीच गत पडदा ओढणाऱ्याची, इस्त्री करणाऱ्याची, दिवे लावणाऱ्याची. प्रयोग पडला की नाइट बुडाली. तथापि 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिला खेळ केला तेव्हापासून नाटकवाल्यांचे पोट टाळ्यांवर भरत आले आहे, अशी आपली पक्की समजूत असल्यामुळे हा हिशेब मनावर घेऊ नये. शनिवारी ज्या गृहस्थांनी माझ्याकडे सहा पास मागितले त्यांची स्वतःची हापूसची बाग आहे. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे जाऊन ‘पाच डझनांच्या पेटीचे काही पास निघतील का?’ असे विचारण्याचा माझा बेत आहे.

तिसरी घंटा ही आपल्याला घरून निघण्याची सूचना समजावी.

तान्हे मूल अवश्य आणावे. आपले नसेल तर शेजाऱ्यांचे आणावे.

मोबाइलबद्दल मी काही लिहीत नाही. लिहून दमलो.

नाट्यगृहाची अवस्था हा पाहुणचाराचाच एक भाग आहे, हे परगावच्या मंडळींना कळले पाहिजे. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून, कशेडी आणि परशुराम हे दोन्ही घाट ओलांडून, पुढे माणसे आणि मागे नेपथ्य भरलेली त्यांची बस दारात उभी राहते (महामार्गाविषयीही मी काही लिहीत नाही, 2011 पासून त्याचे रुंदीकरण चालू आहे, एवढे पुरे). अशा वेळी मेकअप रूमची किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस एखाद्या लग्नाला गेलेला असावा. आरशाभोवतीच्या आठ दिव्यांपैकी दोन लागावेत. नळाला पाणी नसावे. पाणी असेल तर कडी नसावी. वातानुकूलनाचे पैसे आगाऊ भरून घ्यावेत आणि पहिला अंक सुरू झाल्यावर यंत्रणा एवढ्या मोठ्याने घरघरावी की चौथ्या रांगेला संवाद ऐकू येऊ नयेत, मग प्रेक्षकांनी ओरडावे, मग ती बंद करावी, मग उकाड्याने पुन्हा ओरडावे. ‘आम्हाला सवय आहे’ असे त्या नाटकाच्या प्रमुख अभिनेत्री मेणबत्तीच्या उजेडात भुवई रेखताना मला म्हणाल्या. त्या हसतही होत्या. मला हसता आले नाही.

आता सत्काराकडे येतो, कारण पाहुणचाराचा कळस तोच.

नाटकाचे मध्यंतर साधारण दहा-पंधरा मिनिटांचे असते. प्रेक्षकांनी बटाटावडा खावा, चहा प्यावा, नटांनी कपडे बदलावेत, कामगारांनी दुसऱ्या अंकाची मांडामांड करावी आणि पहिल्या अंकात जमलेला रंग निवायच्या आत पडदा पुन्हा वर जावा, असा त्यामागचा जुना हेतू आहे. पण पाच-सहाशे माणसे एका छपराखाली आयती बसलेली असताना त्यांना नुसते नाटक दाखवून घरी पाठवणे हे सार्वजनिक जीवनातील माणसाला परवडणारे नाही. म्हणून मध्यंतरात सत्कार ठेवावा. एक नव्हे, अकरा ठेवावेत. शनिवारी अकरा होते. पहिल्या दोन रांगा विकत घेणाऱ्या प्रायोजकांची तशी अट होती, ती अट मी मान्य केली होती आणि सूत्रसंचालनाचा कागदही मीच टंकून दिला होता. त्या कागदावर ‘पाच मिनिटे’ असे लिहिले होते.

प्रमुख पाहुण्यांनी बोलताना कोकणच्या नाट्यपरंपरेचा गौरव अवश्य करावा. मामा वरेरकर, काशीनाथ घाणेकर आणि मच्छिंद्र कांबळी ही तीन नावे एका दमात घ्यावीत, म्हणजे परंपरा पूर्ण होते. वरेरकरांचे एकही नाटक वाचलेले नसले, घाणेकरांना रंगमंचावर पाहिलेले नसले आणि मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर गर्दी खेचायला लावणाऱ्या कांबळींच्या प्रयोगालाही पास काढूनच गेलेले असलो, तरी अडत नाही. त्यानंतर आपण लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये केलेल्या भूमिकेकडे वळावे आणि तिथे मुक्काम करावा. विंगेत संस्थेचे व्यवस्थापक हात जोडून उभे असतील. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवले तर आपल्याला ते दाद देत आहेत असे मानावे.

आणि या सगळ्यात पाहुण्यांना बसायला आसन लागते. नाट्यगृहात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण त्या मंचावर आणणार कोण? रंगमंचावर दिवाणखान्याचे नेपथ्य लागलेलेच होते. सोफा होता, दोन स्टुले होती, आणि डाव्या अंगाला, खिडकीपाशी, एक जुनी वेताची आरामखुर्ची होती. ज्यांनी पहिला अंक पाहिला त्यांना त्या खुर्चीविषयी सांगायला नको. घरातले वडील गेलेले आहेत आणि ती त्यांची खुर्ची आहे. सव्वा तासाच्या पहिल्या अंकात पाच पात्रे त्या दिवाणखान्यात वावरतात, भांडतात, जेवतात, पण तिच्यावर कुणी बसत नाही. धाकटा मुलगा एकदा बसायला जातो आणि नुसता हात ठेवून मागे फिरतो, तेव्हा त्या घरघरणाऱ्या यंत्रासकट सगळे नाट्यगृह गप्प झाले होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्या खुर्चीवर कोण बसते, यावर ते नाटक उभे आहे.

प्रमुख पाहुणे तिच्यावर बसले.

नुसते बसले नाहीत, मागे रेलून बसले, पाय पुढच्या पट्टीवर टाकून बसले, आणि छायाचित्रकाराने ‘साहेब, इकडे’ म्हटल्यावर हातात पुष्पगुच्छ धरून हसले. अहो, ती खुर्ची रिकामी ठेवायची होती! तिथे बसू नये हे सांगायला सूत्रसंचालकाला भान नव्हते, मला धैर्य झाले नाही, आणि पाहुण्यांना कळण्याचा संभव नव्हता, कारण ते पहिला अंक संपता संपता आले होते. विंगेत धाकट्या मुलाचे काम करणारा पोरगा उभा होता. त्याने एकदा खुर्चीकडे पाहिले आणि मान खाली घालून शर्टाची बटणे लावू लागला.

पंचेचाळीस मिनिटांनी पडदा पुन्हा वर गेला. खुर्चीच्या पायाशी पुष्पगुच्छाचा चकचकीत प्लास्टिकचा कागद पडला होता आणि वरच्या दिव्यात तो असा चमकत होता की सगळ्यांचे डोळे तिथेच जात होते. मागून कुणीतरी फिदीफिदी हसले. थोरल्या मुलाची भूमिका करणारे नट बोलता बोलता खिडकीपाशी गेले, वाकले, वडिलांची एखादी वस्तू उचलावी तसा तो कागद त्यांनी उचलला, घडी घालून खिशात ठेवला आणि वाक्य जिथे सोडले होते तिथून पुढे नेले. आवाज हलला नाही. व्यावसायिक असणे म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर यापुढे मी ती घडी सांगेन.

कुणी म्हणेल, आपल्याकडे मानपानाची रीतच आहे. आहे ना. तळकोकणात कार्तिकापासून जत्रा लागतात, तिथे दशावताराच्या नाट्यमंडळ्या रात्ररात्र खेळ करतात, त्याही व्यवसाय म्हणूनच. पालखी फिरते, मानकऱ्यांचे मानपान होतात, आणि ते सगळे उरकल्यावर मध्यरात्री पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीत खेळ उभा राहतो. लिहिलेली संहिता नसते, नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तोच पर्वत आणि राजा मेला की तेच सरण. देवळात पहिला मान कुणाचा यावरून पिढ्यानपिढ्या कज्जे करणारी माणसे माझ्या गावात आहेत, पण खेळ चालू असताना त्या बाकड्यावर जाऊन बसण्याची छाती मी त्यांच्यात कुणाची पाहिलेली नाही. मान कुठे संपतो आणि खेळ कुठे सुरू होतो हे त्यांना कळते. कळत नाही ते आम्हा शहरातल्या सुशिक्षितांना.

राहिलेल्या सूचना थोडक्यात सांगतो. शेवटच्या प्रवेशात उठावे, म्हणजे गाडी आधी निघते. उठताना खुर्चीची घडी आपटावी. पडदा पडल्यावर नट नमस्काराला पुढे येतात तेव्हा त्यांना आपली पाठ दिसावी. दुसऱ्या दिवशी ‘पूर्वीची नाटके राहिली नाहीत’ असे कट्ट्यावर म्हणावे.

शनिवारी तसेच झाले. पावणेएकला प्रयोग संपला तेव्हा दीडशे माणसे टाळ्या वाजवत होती आणि उरलेली पार्किंगमध्ये भोंगे वाजवत होती. नंतर दीडपर्यंत मी मागच्या दारापाशी उभा होतो. ज्या कामगाराने दुपारी तो दिवाणखाना उभा केला होता तोच नेपथ्याच्या भिंतीचा एकेक फ्लॅट सोडवत होता, स्क्रू मोजून पत्र्याच्या डब्यात टाकत होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता सावंतवाडीला प्रयोग होता आणि जेवायचे पार्सल गार होऊन बसच्या पायरीवर पडले होते. त्याने मला विचारले, ‘दादा, चहा मिळेल का कुठे?’ आमच्या शहरात त्या वेळी चहा मिळत नाही. आरामखुर्ची सगळ्यात शेवटी, गोधडीत गुंडाळून, आत गेली.

तुम्हाला राग येत असेल तर येऊ द्या. तुम्ही पाचशे रुपये हॉटेलात एका सुरमईच्या थाळीला देता आणि ती थाळी येईपर्यंत अर्धा तास निमूट बसता. तुम्ही डॉक्टरकडे, वकिलाकडे पास मागत नाही. आमदारांच्या सभेत तुम्ही मध्येच उठत नाही. मग नाटकवाल्याचेच काम तुम्हाला फुकटचे का वाटते? तो तुमच्याकडे कृपा मागायला आलेला नाही, काम करायला आला आहे, आणि ते त्याने चोख केले. आपले काम वेळेवर येणे, गप्प बसणे आणि खुर्ची सोडून दुसऱ्याच्या खुर्चीवर न बसणे एवढेच होते. तेवढे आपल्याला जमले नाही, आणि या ‘आपल्याला’मध्ये तो कागद टंकणारा मीही आहे.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका संस्थेचे नाटक आणावे असे आम्हा मित्रांच्या मनात आहे. परवा त्यांच्या व्यवस्थापकांशी बोलणे झाले. तारीख जमली, भाडे जमले, राहण्याची सोयही ठरली. मग त्यांनी विचारले, ‘तुमच्याकडे मध्यंतर किती मिनिटांचे असते?’ मी दहा म्हणून सांगितले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. ते पत्रावर लिहून, सही करून पाठवा, असे म्हणाले. पत्र लिहून तयार आहे. प्रायोजकाचे नाव अजून ठरलेले नाही, म्हणून ते पाठवायचे राहिले आहे.