वायर कुणाची?

आमचं नेट पाऊस आला की जायचं आणि ऊन पडलं की येईलच असं नसायचं. राउटरवरचा 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा तेवढा इमानेइतबारे लुकलुकायचा. शेवटी ठरलं, कंपनी बदलायची.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, तेव्हा कंपनी एकच होती. मोडेमची किरकिर ऐकत बसायचं आणि घरात कुणी फोन उचलला की पुन्हा पहिल्यापासून. आता लिफ्टमध्ये पत्रकांवर पत्रकं चिकटवलेली असतात. त्यावर ४९९ हा आकडा हा एवढा मोठा, शेजारी मुंगीएवढी चांदणी. त्या चांदणीच्या पोटात १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले ५८९. तेही सहा महिन्यांचे एकदम भराल तर राउटर फुकट. फुकट म्हणजे, कनेक्शन सोडताना परत द्यायचा.

सेल्सचा मुलगा घरी आला. "मॅडम, शंभर एमबीपीएस! पिक्चर फटक्यात डाउनलोड!" मी म्हटलं, "अरे, ते बिट. बाइट काढायचे तर आठाने भागायचं. सेकंदाला साडेबारा एमबी होतात." तो जराही डगमगला नाही. "मग दोनशेचा घ्या ना!"

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. ए विंगवाल्यांनी लिहिलं, एकदम बेस्ट, डोळे झाकून घ्या. बी विंगवाल्यांनी लिहिलं, पैसे पाण्यात घालायचे असतील तर घ्या. दोघांची कंपनी एकच होती. त्यात कुणीतरी सुप्रभातचा गुलाब टाकला आणि विषय वर सरकून गेला.

म्हणून सरळ गच्चीवर गेले. समोरच्या खांबावरून सगळ्या कंपन्यांच्या काळ्या वायरी एकाच जुडीने येतात आणि टाकीच्या पाइपला सुतळीने बांधलेल्या असतात. वर त्यांच्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता, चिमट्यांसकट! रस्त्यात जेसीबी आला की सगळ्यांचे दिवे एकदमच लाल होणार. मग निवडायचं काय, कप्पाळ?

वॉचमनकाका खालून सगळं बघत होते. "ताई, ते प्लॅन-बिन सोडा. निळ्या पेटीवाला पोरगा फोन उचलतो. बाकीचे नुसते 'गाडीवर आहे' म्हणतात." दोनशेच्या प्लॅनपेक्षा मला हे जास्त पटलं. निळी पेटी पक्की केली. हे म्हणाले, "कंपनीचं नाव काय?" ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

ठरल्या वेळी बेल वाजली. दारात कोरा निळा टी-शर्ट, खांद्यावर शिडी आणि वर ओळखीचा चेहरा. जुन्या कंपनीकडून पावसाळाभर आमच्याकडे येणारा तोच मुलगा.

"अरे, तू?"

"आता मी इकडे आहे, काकू." त्याने जुना राउटर काढून धूळ पुसली, कपाटावर ठेवला आणि म्हणाला, "हा परत करायची घाई करू नका. मी मार्चमध्ये पुन्हा तिकडे चाललोय."