डावीकडचं वळण

अमेरिकेत आल्यावर एका गोष्टीचं फार समाधान वाटलं होतं: धूळ संपली. मी सोलापूरचा, जन्मभर धूळ खाल्लेली. पण 1986 साली ओहायोत कारखान्यातला एक सहकारी शनिवारी रात्री आम्हाला सहकुटुंब मातीवरच्या मोटारशर्यतीला घेऊन गेला. तिकीट काढून धूळ खाणारी माणसं तिथे पहिल्यांदा पाहिली.

त्या भागातलं या खेळाचं पंढरपूर म्हणजे रॉसबर्गजवळचं एल्डोरा. अर्ल बाल्टेस नावाच्या बँडवाल्यानं 1954 साली नाचघराशेजारी मातीचा ट्रॅक काढला, तोच हा. नॅसकार या अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या संघटनेच्या बड्या मंडळींनी 1970 मध्ये मातीला रामराम केला होता, पण खेड्यापाड्यांत कुणाला त्याचं सुतक नव्हतं. आमच्याजवळचा ट्रॅक अगदीच किरकोळ. आधी टँकर पाणी मारून जाणार, मग गाड्या फिरून फिरून चिखल दाबणार. आमच्या अंगणातल्या सड्याचंच हे पेट्रोलवरचं रूप.

"चौथ्या वळणावर बसा, मजा येते," सहकारी म्हणाला. मी पांढरा बुशशर्ट घालून बसलो. पुढची आजीबाई बिअरच्या ग्लासावर तळहात ठेवून बसली होती. मला वाटलं, इथली रीत असेल. पहिल्या फेरीतच सुपारीएवढी ढेकळं आमच्या पुरीभाजीत येऊन पडली, तेव्हा रीतीमागचं शास्त्र कळलं.

गाड्या फक्त डावीकडे वळतात. मातीवर मागची चाकं घसरतात, म्हणून डावीकडे जायला स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. आमच्या साहेबांचा कारभारही नेमका असाच चालायचा.

तिसऱ्या शर्यतीत बायकोनं माझा दंड धरला. "अहो, ती आपली गाडी!"

खरंच आपली. महिन्यापूर्वी गॅरेजवाल्याला दीडशे डॉलरला विकलेली मॉन्टे कार्लो. काचा काढलेल्या, दारं वेल्डिंगनं बंद, लेक जिथे झोपायची ती मागची सीट गायब, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा. अंगावर पांढरा 27 नंबर. पण मी टपालपेटीवर घातली तेव्हाचा पोचा जसाच्या तसा. बायकोचे डोळे भरून आले. "पोरीला सासरी असं नांदवतात?"

माझ्या पोटात मात्र वेगळाच गोळा आला. ही गाडी डावीकडे वळली की पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये एका बाजूला जायचं आणि ती आचके देऊन बंद पडायची. मी वर्षभर कामावर जाताना एका डाव्या वळणाऐवजी तीन उजवी वळणं घेत होतो. गॅरेजवाल्यानं विचारलं होतं, "काही दोष?" मी म्हटलं होतं, "सीट जरा खचलीय."

हिरवा झेंडा पडला. सरळ पट्ट्यात आमची लेक तिघांना मागे टाकून सुसाट निघाली. माझ्या हाताखाली इतकी कधीच पळाली नव्हती. पहिलं वळण आलं. एक आचका. दुसरा. मग ओळखीची ती खोकल्याची उबळ.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "तुम्ही त्याला सांगितलं होतंत ना?"

मी पुरीवरची माती झटकत बसलो.