दीडशे रुपयांच्या केबलचं गणित

‘हॅंडीकॅमचा आवाज पोकळ येतो? प्रोफेशनल माईक घ्या, दीडशे रुपयांची एक्सएलआर-मिनीजॅक केबल लावा, झालं काम! नाहीतर मिक्सरमधून थेट घ्या. अडॅप्टर म्हणजे दुकानदारांची लूट.’ लग्न-कार्यक्रम शूट करणाऱ्यांत हा सल्ला सर्रास फिरतो. (अडॅप्टर म्हणजे माईक आणि कॅमेऱ्यामध्ये लावायचा ट्रान्सफॉर्मरचा डबा.) मीही ऐकला होता. महागात पडला.

‘केबल लावली की झालं.’ नाही झालं. एक्सएलआर म्हणजे प्रोफेशनल माईकचा तीन पिनांचा प्लग. त्याच्या 1 नंबर पिनला अर्थिंग. 2 आणि 3 वर आवाज एकच, पण एकमेकांच्या उलटा. कॅमेऱ्याचा मिनीजॅक, म्हणजे हेडफोनसारखा छोटा जॅक, मात्र स्टिरिओ: डावा चॅनल वेगळा, उजवा वेगळा. स्वस्त केबल बनवणारे 2 डावीकडे, 3 उजवीकडे जोडून मोकळे होतात. हेडफोनवर आवाज जरा विचित्र पसरट वाटतो, पण येतो. मोनो झाला, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र आले, की दोन्ही बाजू एकमेकींना खातात. गावच्या सप्ताहातलं अख्खं कीर्तन मी असं शूट केलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, ‘दादा, महाराजांचं तोंड हलतंय, आवाज कुठंय?’ मोबाईल एका स्पीकरचा, टाळसुद्धा गायब! एडिटिंगमध्ये डावा चॅनल दोन्हीकडे टाकला, तेव्हा कीर्तन परत आलं.

‘कुठलाही माईक चालतो.’ बहुतेक स्टुडिओ कंडेन्सर माईकना केबलमधूनच 48 व्होल्ट वीज, म्हणजे फँटम पॉवर, लागते. मिनीजॅकमधून दोन ते पाच व्होल्ट मिळतात. एसएम 58 सारखा डायनॅमिक, म्हणजे बाहेरच्या विजेशिवाय चालणारा माईक चालतो, पण त्याचा सिग्नल जेमतेम मिलिव्होल्टमधला. मग कॅमेऱ्याचा ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वाढवणारी सोय) आवाज ओढून वर आणतो आणि वक्ता श्वासाला थांबला की नुसती खरखर. गेन मॅन्युअलवर ठेवा.

‘मिक्सरमधून थेट.’ तिथून लाईन लेव्हलचा सिग्नल येतो, माईकच्या शेकडो पट मोठा. आवाज फाटतो. मध्ये सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर हवाच.

राहिली लूट. डायनॅमिक माईक, वायर दोन मीटरची, केबल नीट जोडलेली असेल, तर अडॅप्टर नकोच, एवढं मान्य. पण स्टेजपासून वीस मीटर वायर लायटिंगच्या शेजारून आली, तर 50 हर्ट्झची घूं आलीच म्हणून समजा. 2 आणि 3 मधला फरक घेऊन ती कापायचं काम डब्यातला ट्रान्सफॉर्मर करतो. डबा कॅमेऱ्यापाशी लावायचा, माईकपाशी नव्हे.

केबल घेताना दुकानात मल्टिमीटर मागा, तार जोडलेली असली की बीप वाजवणाऱ्या सेटिंगवर. एक टोक 3 नंबर पिनला, दुसरं मिनीजॅकच्या मधल्या कड्याला. बीप वाजलं, तर 3 उजव्या चॅनलला जोडलाय, केबल तिथंच ठेवा.